आमच्यातला आहे का?

गेल्या वर्षी मामेबहिणीच्या मुलीची गॉडमदर व्हायचं ठरलं. त्यांचं चर्च मालाडला, माझं वसईत. त्यामुळे आमच्या फादरांचं पत्र लागणार होतं, की ही आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली आहे, हिचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा तो संस्कार, झालेलं आहे, हिला गॉडमदर व्हायला हरकत नाही. शनिवारी संध्याकाळी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी चर्चच्या ऑफिसात गेले. तिथे बसणाऱ्या अंकलनी कपाटातून बाप्तिस्म्याची १९९३ सालची नोंदवही काढली. कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. पानावरून बोट फिरवत ते माझ्या नावाशी थांबले. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, गॉडफादर, गॉडमदर, बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांची सही आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

हा रकाना काय असतो ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. कॅथॉलिक माणसाचं चर्चमधलं लग्न जगाच्या पाठीवर कुठेही झालं, तरी त्याची खबर त्याचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चला कळवायची असते. मग तिथली जुनी वही उघडून त्याच्या नावापुढे ते लग्न लिहून ठेवतात. दृढीकरण लिहितात. कोणी धर्मगुरू झाला, कोणी सिस्टर होऊन कायमचं व्रत घेतलं, तर तेही लिहितात. माझ्या वरच्या ओळीतली मुलगी कॅनडात लग्न करून राहिली आहे, तसं तिच्या नावापुढे होतं. खालच्या ओळीत निळ्या शाईत भुईगावचं चर्च. त्याच्या खाली एक मुलगा, तो आता फादर आहे. माझ्या नावापुढे दृढीकरणाची तारीख, आणि पुढे कोरा कागद.

अंकलनी पत्र लिहायला घेतलं. वही मिटता मिटता मायेने म्हणाले, "तुझंही येईल गं इथे." मी हो म्हटलं. बाहेर येऊन चर्चच्या पायरीवर बसले, आणि घंटा झाली तरी उठवेना.

मी बत्तीस वर्षांची आहे. लग्न करायचं आहे, मनापासून करायचं आहे. करिअर, स्वातंत्र्य वगैरे कारणं लोक माझ्या वतीने देतात, ती माझी नाहीत. मला माणूस भेटलेला नाही. आणि तो का भेटत नाही, याचा विचार करता करता माझ्या लक्षात आलं की हे माझ्या एकटीचं नशीब नाही. माझ्या वर्गातल्या, क्वायरमधल्या, लोकलच्या डब्यातल्या अशा कितीतरी मुली आहेत. मुलगेही आहेत. एकमेकांपासून पाच-सात किलोमीटरवर राहणारी, एकाच धर्मप्रांतातली, रविवारी तीच वाचनं ऐकणारी माणसं एकमेकांना भेटतच नाहीत.

महाराष्ट्रात आम्ही मुळातच थोडे. २०११ च्या जनगणनेत सगळे पंथ धरून ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एक भरत नाही. त्यातले कॅथॉलिक आणखी कमी. एवढ्या लहान तळ्यात आम्ही पुन्हा बांध घातले आहेत.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्या काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण जाती-जमाती बरोबर आल्या. आम्ही सामवेदी, कुपारी. आमची बोली कादोडी. वाडवळांची बोली वेगळी, कोळ्यांची वेगळी. मुंबईकडचे मूळचे कॅथॉलिक, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, ते वेगळे, गोवेकर आणि मंगळुरी तर आणखी वेगळे. बोलीची मला लाज नाही, उलट कादोडी जपली पाहिजे असं मला वाटतं. आजीचं लाल लुगडं अजून माझ्या कपाटात आहे. पण लग्नाचा विषय निघाला की हीच ओळख कुंपण होते.

आईशी होणारं बोलणं सांगते. घरी आम्ही कादोडीत बोलतो, इथे प्रमाण मराठीत लिहिते आहे.

"एक मुलगा आहे, मैत्रिणीने सुचवलाय."

"आमच्यातला आहे का?"

"कॅथॉलिक आहे."

"ते कळलं गं. आमच्यातला आहे का?"

"वसईचाच आहे. पापडीकडचा."

"म्हणजे वाडवळ."

तिच्या आवाजात राग नसतो. भांडी पुसता पुसता बोलते. "माणसं चांगलीच असतात, पण आपलं कसं, जेवणखाण, बोलणंचालणं..." आणि वाक्य तिथेच सोडून देते. आई रोज संध्याकाळी जपमाळ म्हणते, शेजारी कोणी आजारी पडलं तर जात न विचारता पेज घेऊन जाते. तिला मी जुनाट म्हणून मोकळी होऊ शकत नाही. पण चर्चमध्ये पौलाचं ते वाचन येतं, की ख्रिस्तामध्ये ज्यू नाही आणि ग्रीक नाही, दास नाही आणि स्वतंत्र नाही, तेव्हा मी शेजारी बसलेल्या आईकडे पाहते. आम्ही दोघी मिळून म्हणतो, देवाला धन्यवाद. घरी आलो की तोच प्रश्न.

सगळा दोष आईच्या पिढीवर ढकलला तर ते खोटं होईल. मी पंचवीस वर्षांची असताना एक स्थळ आलं होतं. निर्मळच्या बाजूचा, आमच्यातलाच. मोगऱ्याची आणि सोनचाफ्याची वाडी. आईवडील घेऊन आला, अंगणात खुर्च्या टाकल्या, आम्हा दोघांना बोलायला विहिरीकडे पाठवलं. तो सांगत होता की मोगऱ्याची कळी अंधारात खुडावी लागते, उमलली की भाव गेला. फुलं पहिल्या गाड्यांनी दादरला जातात. त्याच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या पेरांवर हिरवट डाग होते, कळ्या खुडून खुडून पडलेले. ते तो सारखे चोळत होता. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "तू मिस्सेला पुढे बसतेस की मागे?" मी म्हटलं, "मध्ये, खांबाजवळ. का?" तो म्हणाला, "मी मागे, दाराजवळ. उशीर होतो ना, मार्केटहून येतो. म्हटलं, आधी कधी पाहिलं कसं नाही."

मी नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, शेती करतो. माझं एम.कॉम. झालं होतं, अंधेरीला नोकरी लागली होती, त्याचं इंग्रजी कच्चं होतं. घरातल्यांनाही ते कारण लगेच पटलं, कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आता त्याचं लग्न झालंय, एक मुलगी आहे, अजूनही तो दाराजवळच्या बाकावर बसतो. त्याच्याशी लग्न करायला हवं होतं असं मी म्हणत नाही, ते मला कसं कळणार? मी त्याला पाऊण तास ओळखत होते. पण त्या पाऊण तासात एका माणसाने मला खरंखुरं काही विचारलं होतं, आणि मी त्याच्या सातबाऱ्यावरून निकाल दिला. आज वाडीवर राहिलेल्या मुलांना मुली मिळत नाहीत, ही वसईतली मोठी तक्रार आहे. त्या तक्रारीत माझा एक नकार जमा आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग जहाजावरचा मुलगा. आमच्याकडे घरटी एखादा तरी परदेशात किंवा बोटीवर असतो. हा सहा-सात महिने समुद्रावर, मग दोन-अडीच महिने घरी. आम्ही स्टेशनजवळ कॉफी प्यायला भेटलो. स्वभावाने सरळ. बसल्या बसल्या म्हणाला, "मी खोटं नाही बोलणार. माझे एकेचाळीस दिवस उरलेत. या आठवड्यात मला आणखी तिघींना भेटायचंय."

मी मनात हिशोब केला. लग्नाआधी चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार दोघांची नावं वाचतात, कोणाला अडथळा माहीत असेल तर त्याने फादरांना सांगावं म्हणून. त्याच्या आधी विवाहपूर्व मार्गदर्शनाचं शिबिर. कागदपत्रं, बाप्तिस्म्याचे ताजे दाखले, हॉल, कपडे. एकेचाळीसातून हे वजा केलं तर आयुष्यभराचा जोडीदार ठरवायला त्याच्याकडे जेमतेम दहा दिवस होते, आणि ते चार मुलींमध्ये वाटायचे होते. मी म्हटलं, "पुढच्या ट्रिपला फोनवर बोलत राहू. परत येशील तेव्हा ठरवू." तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "मला चालेल. पण मम्मी म्हणते, या सुट्टीत साखरपुडा तरी कर. पुढच्या वेळी कोणी थांबलेलं नसतं." त्याच सुट्टीत त्याचं ठरलं, दुसऱ्या कोणाशी. निघताना त्याने मला स्टेशनच्या जिन्यापर्यंत सोडलं. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होता. त्याची काय चूक होती?

त्याच्या आईचं भय मी समजू शकते. आमच्याकडे मुलामुलींच्या मधल्या काळाला नावच नाही. एक तर 'काही नाही', नाही तर 'ठरलंय'. मध्ये कोणी दोनदा एकत्र दिसलं की 'फिरतात' म्हणायचं, आणि तो शब्द मुलीच्या घरी तिच्या आधी पोचतो. नालासोपाऱ्याहून घरी येणाऱ्या बसमध्ये मी कोणाशेजारी बसले होते, हे मी चप्पल काढायच्या आत आईला कळलेलं असतं. तिसऱ्या भेटीनंतर आत्या विचारते, "मग हॉल बघायचा का?" चौथ्या भेटीनंतर मोडलं तर मुलीचंच मोडलं. म्हणून मुली दुसऱ्या भेटीलाच सावध होतात, मुलगे पहिल्याच भेटीत पगार सांगतात आणि एकमेकांचा आवाज नीट ऐकून घ्यायच्या आधी दोघंही वकिलासारखी बोलू लागतात.

आता ज्याबद्दल लिहायला सगळ्यात जड जातं ते.

अंधेरीच्या ऑफिसात एकजण होता. सांगलीकडचा, हिंदू. अडीच वर्षं आम्ही बरोबर होतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तो आला होता. मागे उभा राहिला, मी गुडघे टेकले तेव्हा त्यानेही टेकले. मला बरं वाटावं म्हणून नव्हे. नंतर म्हणाला की सगळे खाली असताना आपण उभं राहणं बरं दिसत नाही. तो तसाच होता.

चर्च अशा लग्नाला दार बंद करत नाही, हे आमच्याही कित्येकांना ठाऊक नसतं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपांकडून सूट मिळवावी लागते, ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने लग्नच होत नाही. कॅथॉलिक असलेल्याने आपला विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथॉलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन द्यायचं असतं. पूर्वी दुसऱ्या बाजूनेही वचन द्यावं लागे. १९७० मध्ये सहाव्या पोप पॉलनी ते काढलं, आता त्याला फक्त याची कल्पना द्यायची असते. मी हे सगळं त्याला एका कागदावर लिहून दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "मला फक्त सांगायचं आहे, असं लिहिलंय. पण तू वचन दिलंस म्हणजे मलाही ते पाळावं लागणारच ना?" खरं होतं ते. तरीही तो तयार झाला.

अडलं त्याच्या आईपाशी. त्या बाईंनी माझा धर्म काढला नाही, मला बदल असंही म्हणाल्या नाहीत. त्यांचं मागणं एकच होतं, चर्चमध्ये करा, पण अंगणात सप्तपदीही होऊ द्या. मुलाच्या लग्नात एवढंही मागू नये का? आणि मी नाही म्हणाले. चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर दुसरा धार्मिक विधी करून पुन्हा तीच संमती देणं चालत नाही, असा नियम आहे. त्यामागचं कारण मला पटतं, एकदा देवासमोर दिलेला शब्द पुन्हा देता येत नाही. पण त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून ते सांगताना माझ्या तोंडून ते किती कोरडं निघालं, ते मला आठवतं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही, पण त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत आम्ही थांबलो. मैत्रिणी म्हणाल्या, एवढं काय चर्च धरून बसलीस, १९५४ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट आहे, तीस दिवसांची नोटीस द्यायची, झालं लग्न. कायद्याने झालं असतं. पण चर्चची ती सूट न घेता तसं लग्न केलं असतं तर मला कम्युनियन, मिस्सेतली ती पवित्र भाकर, घेता आलं नसतं. हे ज्यांच्या आयुष्यात नाही त्यांना कसं सांगू? रविवारी त्या रांगेत मी सात-आठ वर्षांची असल्यापासून उभी राहते आहे. आजीला दफन केलं त्या सकाळी उभी होते, नोकरी गेली तेव्हा होते, आमचं मोडलं त्याच्या दुसऱ्या रविवारीही होते. हात पुढे करायचा, तळव्यावर ती पांढरी चकती येते, वजन नसल्यासारखी, आणि मी आमेन म्हणते. बाकी सगळ्या गोष्टींत मी डगमगते, तिथे डगमगत नाही. त्या रांगेतून बाहेर पडून मी त्याची चांगली बायको झाले नसते. हे त्याला माझ्या आधी कळलं होतं, असं आता वाटतं.

त्यानंतर मोबाईलवरची अॅप. धर्माच्या चौकटीत 'कॅथॉलिक' निवडलं की फोटो येऊ लागतात. एकाला विचारलं, मिस्सेला जातोस का? म्हणाला, नाताळला, मम्मीसाठी. दुसरा मिस्सेला रोज जाणारा. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं की लग्नानंतर नोकरी सोडशील ना, आणि तू फोटोत जीन्समध्ये आहेस, ते पुढे कमी करशील ना. माझी श्रद्धा त्याला आवडली होती, पण ती त्याने आज्ञाधारकपणा म्हणून वाचली. लग्नाआधी शरीरसंबंध नकोत हे मी दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यातच सांगते, कोणाची फसवणूक नको म्हणून. दोघांची उत्तरं तिथेच बंद झाली. त्यातला एक स्वतःच्या माहितीत 'देवाला मानणारी मुलगी हवी' असं लिहिणारा होता. याचा राग येतो, लपवत नाही. नाही म्हणायचं तर म्हणा, दोन ओळी लिहून म्हणा. समोरचं माणूस फोन हातात धरून वाट बघतंय.

मुलग्यांची बाजूही ऐकली आहे. मावसभाऊ छत्तीसचा आहे, सहकारी बँकेत आहे, क्वायरमध्ये गातो. तो म्हणतो, मुलींना कॅनडाचा पीआर हवा, नाही तर वांद्र्याला फ्लॅट हवा. "मी इथेच राहणार म्हटलं की विषय संपतो. आईला सोडून मी कुठे जाऊ?" आमच्या घरी बसून तो हे म्हणाला तेव्हा पप्पा मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी त्याच पप्पांनी माझ्यासाठी मेलबर्नचं एक स्थळ आणलं.

दर सप्टेंबरात आई मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला जाते. वांद्र्याच्या त्या चढावर मेणाच्या वस्तू विकायला असतात. आजार बरा व्हावा म्हणून मेणाचा हात, पाय, घर व्हावं म्हणून मेणाचं घर, मूल व्हावं म्हणून मेणाचं बाळ. गेली पाच वर्षं आई माझ्या नावाने एक मेणाची बाहुली वाहते. आधी मला अपमान वाटायचा. यंदा मी तिच्याबरोबर गेले. गर्दीत ती बाहुली पदराखाली धरून चालली होती, धक्का लागून मोडू नये म्हणून. दोन्ही हातांनी. तिच्या प्रश्नांवर मी कितीही चिडले तरी ती पाठ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आईने निदान माझ्यासाठी मेणाची बाहुली तरी वाहिली. चर्चमध्ये मात्र आमच्यासाठी जागा सापडत नाही, हे मी दुखऱ्या मनाने लिहिते, कारण ते माझं घर आहे. युवक संघटनेत आता कॉलेजची मुलं आहेत. त्यांच्यात मी नाताळचा गोठा सजवायला गेले तर मला 'आंटी' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. लग्न झालेल्यांसाठी जोडप्यांचे मेळावे आहेत, विधवांसाठी गट आहे, ज्येष्ठांची सहल निघते. ईस्टर काळातल्या चौथ्या रविवारी पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या हाकेसाठी, प्रार्थना होते. धर्मगुरू मिळोत, धर्मभगिनी मिळोत, कुटुंबं पवित्र राहोत. ज्यांना लग्नाचं पाचारण आहे असं मनापासून वाटतं आणि पाचारणाला साथ द्यायला माणूसच मिळत नाही, त्यांच्यासाठी एक ओळ मी अजून ऐकलेली नाही. एक ओळ पुरेल.

आमच्या बायबलमध्ये तोबीतचं पुस्तक आहे, प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये ते नसतं. लग्नाच्या मिस्सेत त्यातला तोबिया आणि सारा यांच्या प्रार्थनेचा भाग पुष्कळदा वाचतात, आम्ही एकत्र म्हातारे होऊ असं कर, अशी प्रार्थना. पण मला त्याच्या आधीचा भाग जवळचा वाटतो. साराची सात लग्नं झाली आणि सातही नवरे पहिल्या रात्रीच मेले. घरातली दासी तिला टोमणे मारते. सारा माडीवर जाते, जीव द्यावा असं तिच्या मनात येतं, मग बापाचा विचार करून थांबते आणि खिडकीशी उभी राहून देवाशी बोलते. तिला माहीत नसतं, पण त्याच वेळी दूर दुसऱ्या गावाहून तोबिया निघणार असतो, त्याच्यासोबत वाटाड्या म्हणून राफाएल देवदूत, आणि त्यांच्या मागे एक कुत्रा. देवदूत लग्न जुळवतो तो चालत, वाटेत बोलत, मुक्काम करत. लगेच हॉल बघत नाही.

हेच मी शेवटी फादरांना सांगितलं. आम्ही दोघी मैत्रिणी गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि महिन्यातून एक रविवार संध्याकाळच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाची खोली दिली. आम्ही आजूबाजूच्या धर्मग्रामांत निरोप पाठवला. वय अठ्ठावीस ते चाळीस, लग्न न झालेले, कोणत्याही गावचे, कोणत्याही बोलीचे. बायोडेटा आणायचा नाही. पहिल्या वेळी अकराजण आले, आठ मुली आणि तीन मुलगे. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. कोणाला काय बोलावं सुचेना. मग कोणीतरी बावखलं, म्हणजे आमच्याकडची जुनी तळी, बुजवण्यावरून बोलायला लागलं, आणि बोळींजची एक मुलगी इतकी तावातावाने बोलली की सगळे ऐकत राहिले. तिला मी क्वायरमध्ये चार वर्षं पाहते आहे, हे तिच्या आत आहे हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी नऊजण आले. तिसऱ्या वेळी चौदा. कोणाचंही काही 'ठरलेलं' नाही. दोघंजण एकमेकांशी जास्त बोलतात, ते सगळ्यांना दिसतं आणि कोणी काही म्हणत नाही. एवढं आम्ही आपसात ठरवून घेतलं आहे.

तिसऱ्या वेळी जून होता. संपल्यावर खुर्च्या रचायला एकजण मागे थांबला. सांडोरचा, शाळेत गणित शिकवतो. आमचं बोलणं गुणाकारावरून निघालं, मग त्याच्या वडिलांच्या आजारपणावर आलं. मी सांगलीबद्दल सांगितलं, इतक्या सहज की माझं मलाच नवल वाटलं. बाहेर पाऊस कोसळत होता, रिक्षा नव्हती. त्याने स्कूटरवर घरापर्यंत सोडलं. पुढच्या महिन्यात येशील का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तो वळून गेला.

आई पडवीत उभी होती.

"कोण होता?"

"ओळखीचा आहे."

"कुठला?"

"सांडोरचा."

"म्हणजे आमच्यातला..." एवढं म्हणून ती थांबली. स्कूटरचा लाल दिवा पावसात वळणापर्यंत दिसत होता. तो दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "भिजत गेला गं तो. दारामागे पप्पांचा रेनकोट होता, द्यायचास की."